वाटेचे घड्याळ

बीदर-भालकीकडच्या खेड्यांत वाट विचारली तर उजवे-डावे कोणी फारसे सांगत नाही. "ओढा ओलांडा, अन् मावळतीच्या अंगानं जावा," असे उत्तर मिळते. दिशांशी येथील माणसांचा इतका घरोबा आहे, की गोठ्यातला बैलसुद्धा उगवतीचा आणि मावळतीचा म्हणून ओळखला जातो. आम्ही मूळचे कारवारकडचे, घरी कोंकणी बोलणारे. घराच्या ज्या अंगाने दर्याची गाज ऐकू येई ती पश्चिम, एवढे भूगोलाचे ज्ञान आम्हांस बालपणी पुरत असे. डोक्यावर सूर्य, रात्री ध्रुव, समोर ओळखीचा डोंगर किंवा देवळाचा कळस. जमिनीवरच्या माणसास दिशा सहसा शोधावी लागत नाही, ती आपण होऊन त्याच्याजवळ येते.

पाण्याखाली हे सारे सोयरे एकदम पाठ फिरवितात. चार-सहा मीटर खाली उतरले आणि पाणी गढूळ असले, की सूर्य नाहीसा होतो व नुसता हिरवट उजेड चोहोंकडे सारखा भरून राहतो. तोंडावरच्या काचेतून पाहताना वस्तू असतात त्याहून जवळ आणि मोठ्या दिसतात. कानांचा तर उपयोगच उरत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५०० मीटर. त्यामुळे तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी आदळतो, आणि होडीचे इंजिन समोर आहे की पाठीमागे हे काही केल्या समजत नाही. आपण सरळ चाललो आहोत अशी पाणबुड्याची पक्की खात्री असते आणि प्रत्यक्षात तो हळूहळू वळत असतो. हे सारे आम्ही पुस्तकात वाचले असते तर परीक्षेनंतर विसरूनही गेलो असतो. पण गेल्या वर्षी एका माउलीच्या शब्दामुळे ते आमच्या मानगुटीस बसले.

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला, भालकी तालुक्यातला एक विद्यार्थी मालवणास एका खानावळीत कामाला लागला. मांजरेच्या पाण्यात वाढलेला पोहणारा तो. तेथे त्याला स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याचा, नाद लागला. पहिला अभ्यासक्रम त्याने पुरा केला. पुढे वाटाड्या होऊन पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांतले मासे आणि प्रवाळ दाखवावे, अशी त्याची इच्छा. पुढच्या अभ्यासक्रमात पाण्याखाली दिशा राखण्याचा धडा असतो आणि त्यासाठी मनगटावर बांधावयाचे होकायंत्र लागते.

त्याच्या आईचा धाकटा भाऊ लहानपणी मांजरेच्या डोहात गेलेला. पोहता येत नव्हते असे नव्हे. पुराच्या गढूळ पाण्यात, बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांखाली त्याला वर यावयाची वाट सापडली नाही. ती माउली आम्हांस म्हणाली, "गुर्जी, पोराला मी अडवत नाही. पण वाट घावंल असं काय तरी त्याच्या हाताला नीट बांधून द्या, मगच जाऊ द्या." दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील तुरीच्या पट्टीचे पैसे धोतराच्या सोग्यात बांधून आमच्या दारी हजर झाले. होकायंत्रास ते 'वाटेचं घड्याळ' म्हणत. कारवारचे गुरुजी म्हणजे दर्याचे जाणते, असा या गावाचा ठाम समज आहे. आमची पदवी कलाशाखेची; चुंबकाशी आमचा परिचय नालाच्या आकाराच्या तांबड्या खेळण्यापुरता. पण त्या सोग्यातल्या नोटांपुढे आमची पदवी सांगत बसण्यात अर्थ नव्हता.

प्रथम आम्ही दोघे कलबुर्गीस गेलो. तेथे होकायंत्रे मिळाली नाहीत असे नाही. चांगली तीन प्रकारची मिळाली. ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्याजवळ नमाजासाठी किब्ल्याची दिशा दाखविणारी होती. या भागातून ती पश्चिमेच्या किंचित उत्तरेस येते. पूजासाहित्याच्या दुकानात वास्तू पाहणाऱ्यांसाठी होती. शालेय साहित्याच्या दुकानात पितळी डबीतली. तिन्ही आपापल्या कामाला चोख, पण तिन्हींच्या पोटात हवा. समुद्रात दहा मीटर खाली गेले की दाब वरच्याच्या दुप्पट होतो. हवेने भरलेल्या डबीची काच मग आत दबू लागते, सुई काचेला घासून अडते, आणि कोठल्या तरी फटीतून पाणी आत शिरते.

पाण्याखालच्या होकायंत्राच्या पोटात म्हणून तेलासारखा पातळ द्रव भरलेला असतो. द्रव दाबाने फारसा आकसत नाही, त्यामुळे डबी चिरडत नाही. शिवाय सुई त्यात भिरभिरत न राहता लवकर स्थिर होते. अशी द्रवभरली होकायंत्रे कारखान्यात मोठ्या संख्येने घडविण्याची रीत फिनलंडच्या तुओमास व्होहलोनेन यांनी काढली व १९३६ साली 'सूंतो' या नावाने उद्योग सुरू केला. ती यंत्रे जमिनीवरच्या भटकंतीसाठी होती. पुढे एका इंग्रज हौशी पाणबुड्याच्या ध्यानात आले की आपले यंत्र पाण्याखालीही बिनतक्रार चालते. त्यानंतर १९६५ मध्ये त्यांनी खास पाणबुड्यांसाठीचे होकायंत्र बाजारात आणले. म्हणजे गरज एकाने ओळखली आणि यंत्र दुसऱ्याच कामासाठी आधीच तयार होते.

निवड करताना आम्ही ज्या गोष्टीवर सर्वांत अधिक वेळ घालविला ती म्हणजे यंत्र किती तिरके धरले तरी चालते ही. मेजावर सगळीच होकायंत्रे गुणी असतात. पोहणाऱ्याचा हात मात्र एका पातळीत राहत नाही, आणि डबी थोडी कलली की स्वस्त यंत्राची तबकडी तळाला टेकून अडून बसते. अडलेली तबकडी हलत नाही, म्हणून ती स्थिर दिसते. आणि स्थिर दिसते म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. अजिबात न चालणाऱ्या यंत्रापेक्षा हे अधिक वाईट, असे आमचे मत झाले.

यात आणखी एक भानगड आहे. पृथ्वीचे चुंबकत्व सुईला केवळ उत्तरेकडे वळवीत नाही, खालीही ओढते. हा झुकाव ध्रुवाकडे जाताना वाढतो व चुंबकीय विषुववृत्तावर नाहीसा होतो; ते विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. उत्तर युरोपासाठी घडविलेल्या यंत्रात सुईचे उत्तर टोक फार झुकू नये म्हणून दक्षिणेकडच्या अंगाला थोडे वजन दिलेले असते. तेच यंत्र आपल्याकडे आणले की ते वजन जास्त होते आणि दक्षिण टोक खाली बसते. सबब विकत घेण्यापूर्वी डबी सपाट धरून तबकडीच्या दोन्ही कडा एकाच उंचीवर आहेत की नाहीत हे डोळ्यांनी पाहावे. खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतल्या फरकाचा नकाशे काढणारे लोक मोठा बाऊ करतात. आपल्या भागात तो अंशभराच्या आसपास आहे, पाणबुड्याने तो खुशाल विसरावा.

बाकीच्या गोष्टी ओझरत्या सांगतो. बाहेरचे कडे हातमोजा घालूनही फिरविता यावे, पण आपोआप फिरू नये. वरून पाहण्याबरोबर कडेच्या लहान खिडकीतूनही अंश वाचता यावेत, म्हणजे यंत्र डोळ्यांसमोर धरून पुढेही पाहता येते. आत मोठा बुडबुडा दिसला तर ते घेऊच नये. हल्ली मनगटावरच्या खोलीमापक संगणकातही विजेवर चालणारे होकायंत्र असते आणि ते हुशारही असते; पण त्याला अधूनमधून दिशा शिकवावी लागते आणि त्याची बॅटरी संपते. मामांना (मुलाच्या वडिलांना आम्ही मामा म्हणतो) बॅटरीचा शब्द ऐकताच ते नको झाले. शेवटी गोव्याच्या एका दुकानातून साधे, द्रवभरले, बरेच तिरके धरले तरी चालणारे यंत्र टपालाने मागविले.

ते आले आणि मालवणास जाण्यापूर्वी आठ दिवस आमच्या वर्गात मुक्कामास राहिले. तेवढ्यात मुलांनी त्याच्यावर नाना प्रयोग केले. टाचण्यांची डबी जवळ नेली, सुई हलली. मोबाइल नेला, ती अशी काही वळली की मागच्या बाकावरून आरोळी उठली. जेवणाच्या डब्यांनी मात्र घोटाळा केला: एका मुलीचा स्टीलचा डबा सुईला ओढी, दुसरीचा ढिम्म, कारण सगळे स्टील चुंबकाला सारखे ओढले जात नाही. मग एकाने घरून आणलेली बिद्रीची डबी पुढे केली. बिद्रीचे काम जस्तात थोडे तांबे मिसळून केलेल्या धातूवर चांदी जडवून होते. बीदरच्या किल्ल्यातील मातीने तो धातू काळा केला जातो. दिसावयास ती डबी लोखंडाहून काळीकुट्ट. सुईस तिच्याशी काही देणेघेणे नव्हते. लोखंडासारखे दिसणारे सारे लोखंड नसते, हे मुलांनी आमच्या मदतीवाचून शोधून काढले.

या प्रयोगावरून आम्हांस आलिबागची आठवण झाली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद एकोणिसाव्या शतकापासून होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने सुया बिघडणार हे उघड होते. तेथील संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये आलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामात चुंबकाला ओढणारी वस्तू येऊ दिली नाही. सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा धागा नव्यास जोडता यावा. सुईला लोखंडापासून व विजेपासून वाचविण्यासाठी एक वेधशाळा समुद्राच्या खाडीपलीकडे नेली गेली. पाणबुड्याने तिला सुरीपासून हातभर दूर ठेवावयास हरकत नसावी. पोलादी हवेची टाकी, पोलादी सुरी, चुंबकाचे बटण असलेली विजेरी, दुसरे होकायंत्र, या साऱ्यांपासून हे यंत्र दूर हवे. बुडालेल्या पोलादी जहाजाजवळ तर त्याचे काही खरे नसते. नौदलातून निवृत्त झालेली 'आय. एन. एस. गुलदार' ही नौका निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळी ठेवण्याच्या योजनेसाठी २०२५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली झाली आहे. तिच्या भिंतीलगत पोहणाऱ्याने सुईकडे पाहून निर्णय घेऊ नये.

दसऱ्याच्या सुट्टीत मामा आणि आम्ही कोल्हापूरमार्गे घाट उतरून मालवणास पोहोचलो. मामांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग, "याला बांध कुठं हाय?" एवढेच त्यांनी विचारले. मुलाचा प्रशिक्षक दर्यावर्दी घराण्यातला. त्याच्या मालवणीची आणि आमच्या कोंकणीची तत्काळ गट्टी जमली. पावसाळ्याचा गाळ अजून पुरता बसला नव्हता. पाण्यात चार मीटरांपलीकडचे दिसत नव्हते. धड्याला असेच पाणी बरे, असे त्याचे म्हणणे.

परीक्षा साधी होती. आमच्या होडीच्या नांगराच्या दोरापासून निघून, आठ मीटर खोलीवरून पोहत, साठ मीटरांवर टाकलेल्या बोयाचा दोर गाठावयाचा. भरती-ओहोटीच्या मधली, पाणी थबकल्याची वेळ साधली होती. प्रशिक्षक त्याच्या शेजारी राहणार, कारण पाण्याखाली एकट्याने जावयाचे नसते. पण वाट दाखविणार नाही. निघण्यापूर्वी आम्ही कागदावर एक हिशेब केला. सत्तावन्न मीटर चालल्यावर एका अंशाची चूक एक मीटरची होते. म्हणजे दहा अंश चुकले तर साठ मीटरांवर माणूस दोरापासून दहा मीटर बाजूला असणार, आणि त्याला दिसते केवळ चार मीटर. हा हिशेब आम्ही मामांना दाखविला नाही.

दोघे पाण्यात उतरले आणि आमच्या दृष्टीस फक्त बुडबुडे राहिले. बीदरजवळ नौबादला बहमनी काळातली करेझ आहे. जमिनीखालून पाणी नेणारा बोगदा आणि वर ओळीने उभ्या झरोक्यांच्या विहिरी. वरची ओळ पाहिली की खालचा बोगदा कसा गेला आहे हे कळते. आम्ही तसेच बुडबुड्यांच्या ओळीकडे पाहत होतो. अर्धे अंतर ती सरळ गेली. मग दक्षिणेकडे झुकू लागली. मामांनी आमचा दंड धरला. त्यांना अंश ठाऊक नव्हते, पण नांगरणीचे तास वाकडे गेलेले त्यांना कोसावरून दिसते. मुलगा वर आला तेव्हा बोया त्याच्या उत्तरेस दहा-बारा मीटरांवर होता.

यंत्रात काही दोष नव्हता. दोष निघाला पट्ट्यात. होडीवर त्याने घड्याळासारखा पट्टा चांगला आवळून बांधला होता, पण तो आवळला होता रबरी पोशाखाच्या बाहीवरून. त्या पोशाखात हवेचे बारीक फुगे असतात. ऊब त्यांच्यामुळेच राहते. आठ मीटरवर दाब वरच्याच्या जवळजवळ पावणेदोनपट झाला, फुगे आकसले, बाही पातळ झाली आणि पट्टा सैल पडला. यंत्र घसरून मनगटाच्या बाजूला गेले. ते पाहण्यासाठी मुलगा हात पिळू लागला, आणि हात पिळला की डबीवरची मध्यरेषा देहाच्या रेषेतून निघते. सुई दाखवीत होती ते खरेच होते. मात्र ती आता हाताची दिशा सांगत होती, माणसाची नव्हे.

प्रशिक्षकाने पट्टा काढून टाकला आणि यंत्राच्या बैठकीच्या चार भोकांतून जाड इलॅस्टिकची दोरी ओवून दोन स्वतंत्र फास केले. अशी दोरी होडीवर ताणलेली असते. खाली बाही पातळ झाली की तीही तेवढीच आकसते. एक फास तुटला तर दुसरा यंत्र धरून ठेवतो. जागाही बदलली: मनगटाच्या हाडावर न ठेवता बोटभर वर, जेथे हात सपाट असतो तेथे. यंत्र डाव्या हातावर, खोलीमापक उजव्या. उजवा हात पुढे सरळ ताणावयाचा, डावा छातीसमोर आडवा घेऊन त्या हाताने उजवे कोपर पकडावयाचे. मग मध्यरेषा आपोआप नाकासमोर येते, आणि दिशा बदलावयाची तर मनगट न वळविता सबंध देह वळवावा लागतो.

राहता राहिली गाठ. ओल्या इलॅस्टिकवर प्रशिक्षकाची गाठ दोनदा सरकली. इतका वेळ गप्प बसलेले मामा पुढे सरसावले. "ही सुटंल. आणा इकडं." बैलाचे दावे बांधताना मारतात तसली काही गाठ त्यांनी मारली, दातांनी ओढून घट्ट केली, आणि उरलेली टोके कापून काडीने जाळून बसविली. प्रशिक्षकाने तीन हिसके दिले. गाठ हलली नाही. त्याने ती कशी मारली हे पुन्हा एकदा सावकाश करून दाखवावयास सांगितले, आणि मामांनी एका सुतळीवर ते शिकविले.

दुसऱ्या खेपेस बुडबुड्यांची ओळ सुतात गेली. शेवटी ती थांबली. क्षणभर काहीच घडले नाही. नंतर बोया तीनदा पाण्यात गडप होऊन वर आला. खालून दोर ओढण्याची ती ठरलेली खूण होती. मामा होडीत उभे राहिले, तेव्हा होडी इतकी डुलली की आम्हांस त्यांना धरून खाली बसवावे लागले. किनाऱ्याला लागताच त्यांनी घरी फोन लावला. समुद्राविषयी, मुलाविषयी, आमच्याविषयी काही बोलले नाहीत. "बांधलंय नीट," म्हणाले, "गाठ मी मारली."

संध्याकाळी प्रशिक्षकाने सांगितल्याप्रमाणे यंत्र गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेविले. कड्याच्या खाचेत खारे पाणी वाळले की मिठाचे खडे होतात आणि कडे फिरेनासे होते, म्हणून ते पाण्यातच दहा-वीस वेळा फिरवावे लागते. नंतर ते सावलीत वाळवावयाचे. उन्हाने आतला द्रव फुगतो. खानावळीच्या पडवीत उन्हाची तिरीप येत होती. मामांनी बादली दोनदा उचलून आत सरकविली.